सरासरीतून निसटणारे पाठभेद

संगणकशास्त्रात गेल्या आठ-दहा वर्षांत रूढ झालेल्या एका प्रक्रियेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी आपला विषय म्हणून पाहावे, असे सुचवण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ती प्रक्रिया अशी : एकाच न्यूरल नेटवर्कच्या अनेक प्रती ठिकठिकाणच्या संगणकांवर, तिथल्या तिथल्या विदेवर शिकवायच्या, आणि शिकून झालेल्या प्रती पुन्हा एकत्र करून त्यांतून एकच प्रारूप सिद्ध करायचे. ज्याने पाठचिकित्सेचा एखादा तास जरी केला असेल, त्याला हे वाक्य ओळखीचे वाटेल. अनेक प्रती, त्यांतले भेद, आणि त्यांतून सिद्ध केलेली एक संहिता. काम गणिती दिसत असले तरी ते संपादनाचे आहे, आणि संपादकाला जे प्रश्न आपण विचारतो तेच इथेही विचारले पाहिजेत, असे माझे मत आहे. हे प्रश्न मी धाराशिव जिल्ह्याची मराठी समोर ठेवून मांडणार आहे, कारण पुण्यात बसून पाहिले तर ते फारसे टोचत नाहीत.

आधी प्रक्रिया थोडक्यात पाहू. न्यूरल नेटवर्क म्हणजे अखेर आकड्यांचा एक प्रचंड संच. या आकड्यांना ‘भार’ म्हणतात. शब्द किंवा ध्वनी आकड्यांच्या रूपात आत जातो, या भारांनी गुणला जात पुढे सरकतो आणि शेवटी एक अंदाज बाहेर पडतो : पुढचा शब्द कोणता, किंवा ऐकलेला ध्वनी कोणत्या अक्षराचा. अंदाज चुकला की सगळे भार किंचित हलवायचे. असे लक्षावधी वेळा करणे म्हणजे शिकवणे. नेटवर्कला जे काही ‘येते’ ते या भारांतच साठलेले असते. त्यात कुठे शब्दकोश नसतो की व्याकरणाचे नियम नसतात.

२०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘फेडरेटेड ॲव्हरेजिंग’ या नावाची पद्धत मांडली. मध्यवर्ती संगणक सर्वांना एकच मूळ प्रत पाठवतो. जो तो आपल्याजवळच्या विदेवर तिला थोडे शिकवतो आणि केवळ बदललेले भार परत पाठवतो. विदा जागची हलत नाही. केंद्र आलेल्या भारांची सरासरी काढते, ती नवी प्रत पुन्हा सर्वांना जाते, आणि असे फेरे चालू राहतात. २०१७ मध्ये गूगलने ही पद्धत फोनवरच्या कळपाटासाठी वापरत असल्याचे जाहीर केले. पुढे भाषिक प्रारूपांच्या बाबतीतही दूरदूरच्या संगणकांनी मिळून शिकवण्याचे प्रयोग झाले; २०२४ मध्ये प्राइम इंटलेक्ट या कंपनीने सुमारे एक हजार कोटी भारांचे प्रारूप तीन खंडांतल्या संगणकांवर मिळून घडवले. त्यासाठीची यंत्रे अर्थातच कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात तसली नव्हती. पण बोली ओळखणारे छोटे प्रारूप घ्यायचे आणि मोठ्या तयार प्रारूपाला स्थानिक वळण तेवढे द्यायचे, एवढी मर्यादित कामे साध्या साधनांतही होऊ शकतात.

आपल्या दृष्टीने यात मोठे आकर्षण आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उमरग्याच्या एखाद्या म्हातारीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, विद्यार्थ्याने त्या ध्वनिमुद्रित केल्या, तर ते ध्वनिमुद्रण उमरग्याच्या महाविद्यालयाबाहेर न जाता मराठीच्या एका सामाईक प्रारूपात आपली भर घालू शकते. आजवर ग्रामीण भाषेचा जो संग्रह झाला तो बहुधा ‘तिथून उचलून इथे आणून ठेवला’ या रीतीने झाला. ती रीत मोडण्याची शक्यता इथे दिसते.

मात्र दोन नेटवर्के सुटीसुटी, आपापल्या वेगळ्या आरंभापासून शिकवली आणि मग त्यांच्या भारांची सरासरी काढली, तर बहुधा हाती कचरा येतो. दोन्ही उत्तम, पण सरासरी निरर्थक. कारण नेटवर्कच्या आतल्या पेशींचा क्रम यादृच्छिक असतो. एका नेटवर्कात जे काम सतराव्या पेशीकडे आहे, ते दुसऱ्यात दोनशे तिसरीकडे असू शकते. सतराव्याची सतराव्याशी सरासरी काढणे म्हणजे एका पोथीतल्या सतराव्या ओळीचा दुसऱ्या पोथीतल्या सतराव्या ओळीशी, मधले श्लोक कमीजास्त असताना, मेळ घालण्यासारखे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका नेटवर्कच्या पेशींचा क्रम आधी दुसऱ्याशी जुळवून घ्यायचा आणि मगच सरासरी काढायची, असा मार्ग दाखवला. तो काही ठिकाणी चांगला चालतो. त्याहून सोपा उपाय फेडरेटेड पद्धतीत अंगभूतच आहे : सर्वांनी एकाच मूळ प्रतीपासून सुरुवात करायची आणि फार दूर भटकण्याआधी परत यायचे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना नेमका हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कागदावर आखलेल्या चौकोनांनी दिले गेले. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून १९४३ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. पोथ्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणे शक्य नव्हते, म्हणून शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठमेलनाची केंद्रे चालवली गेली. प्रत्येक श्लोकासाठी एक तक्ता. त्याच्या माथ्यावर आधारप्रतीतला श्लोक अक्षरशः, म्हणजे एकेका चौकोनात एकेक अक्षर असा लिहिलेला, आणि खाली एकेका ओळीत एकेका पोथीचे भेद त्या त्या चौकोनाखाली नोंदलेले. आधारप्रत म्हणून नीलकंठी परंपरेची मुंबईची छापील प्रत घेतली होती. तंजावरच्या माणसाने आणि शांतिनिकेतनच्या माणसाने एकमेकांना न भेटता केलेले काम पुण्यात एकावर एक ठेवता आले, ते माथ्यावरची ओळ सर्वत्र तीच होती म्हणून.

वितरित काम, समान आरंभ, केंद्रात मेळ. साम्य इथपर्यंत पुरते. पुढे जो फरक पडतो तोच महत्त्वाचा. पुण्यातल्या संपादकांनी चौकोनांची सरासरी काढली नाही, आणि कोणत्या अक्षराला किती पोथ्या मते देतात हेही नुसते मोजले नाही. देवनागरी पोथ्या संख्येने भरपूर होत्या. सुकथनकरांनी त्यांना संख्येमुळे मोठेपण दिले नाही, कारण त्यांपैकी अनेकींत नाना परंपरांची सरमिसळ झालेली होती. उलट आदिपर्वासाठी मिळालेली भूर्जपत्रावरची शारदा पोथी एकटीच आणि तीही अपुरी, पण तिचे मोल त्यांनी फार मानले. पोथ्या तोलायच्या, मोजायच्या नाहीत, हे पाठचिकित्सेचे जुने सूत्र आहे. १९३३ च्या त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेत हा सगळा तोल कसा साधला ते सांगितले आहे. ज्याला तो मान्य नसेल त्याने वाद घालावा, अशी सोय त्यातच आहे. जिथे पाठ निश्चित वाटला नाही तिथे संहितेतल्या शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. आणि जे पाठ स्वीकारले नाहीत ते पानाच्या तळाशी जिवंत ठेवले.

फेडरेटेड ॲव्हरेजिंगमध्ये तोल ठरतो तो उदाहरणांच्या संख्येवर. ज्याच्याकडे विदा अधिक, त्याच्या भारांना सरासरीत वजन अधिक. समजुतीपुरते काल्पनिक आकडे घेऊ. पुण्यातून नव्वद तासांचे बोलणे, सोलापुरातून सहा, उमरग्यातून चार. दर फेरीला उमरग्याची प्रत आपल्या बाजूला जेवढी सरकेल, त्याच्या शंभरात चार हिश्शांनीच सरासरी तिच्याकडे सरकेल. मग ती सरासरीची प्रत उमरग्याला परत येईल, तिथे पुन्हा थोडी शिकेल, आणि पुन्हा चार हिश्श्यांची होऊन केंद्रात विरघळेल.

यात नेमके काय जाते ते एका क्रियारूपावरून पाहू. धाराशिवकडे ‘काय करायलास?’ असे विचारतात तेव्हा त्याचा अर्थ ‘काय करतो आहेस?’ असा असतो. ‘पोरगं शाळेला जायलंय’ म्हणजे पोरगं या घडीला शाळेच्या वाटेवर आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे हे अपूर्ण वर्तमानाचे रूप घरोघरी चालते. प्रमाण मराठीत ‘करायला’, ‘जायला’ ही रूपे हेतू दाखवतात : करायला हवे, जायला निघाला. म्हणजे तोंडातून येणारा ध्वनी जवळजवळ तोच, पण व्याकरण निराळे. वर्तमानपत्री मराठीवर वाढलेल्या प्रारूपाला ‘जायलंय’ हे ऐकू आले तर ते त्याला ‘जायचंय’कडे किंवा ‘गेलंय’कडे ओढण्याचा संभव मोठा. वाटेवरचे पोर त्यामुळे एक तर अजून घरातच राहते, नाही तर शाळेत पोचलेले असते.

यावर कोणी म्हणेल की पुरेसे मोठे नेटवर्क संदर्भावरून दोन्ही रूपे शिकू शकते. सरासरी म्हणजे काही दोन रंग मिसळून करडा रंग होणे नव्हे. हे खरे आहे. भार आणि भाषिक रूपे यांच्यात एकास एक नाते नसते, आणि प्रमाण मराठी व बोली एकाच प्रारूपात सुखाने नांदू शकतात. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात : नेटवर्कात पुरेशी जागा आणि बोलीचा पुरेसा पुरावा. पुरावा क्षीण असला की जागेसाठीच्या चढाओढीत संख्या जिंकते. आणि लिखित मराठीच्या संग्रहांत हा पुरावा क्षीणच आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘महाकॉर्पस’ सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा आहे. तो मराठीच्या संगणकीय अभ्यासाला फार उपकारक ठरला. पण त्याचा मोठा भाग बातम्यांचा आहे, आणि बातमीत ‘जायलंय’ येत नाही.

ते येते कथा-कादंबऱ्यांत. कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांच्या कथांत येते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (१९८२ पासून लातूर जिल्ह्यातल्या) काटगावचे रा. रं. बोराडे यांनी १९७१ मध्ये ‘पाचोळा’ लिहिली ती शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, अथपासून इतिपर्यंत या परिसराच्या बोलीत. आपण वर्गात तिचा गौरव करतो तो याच कारणासाठी : निवेदनाची भाषा आणि पात्राची भाषा यांतली भिंत तिने पाडली. त्याआधीच्या ग्रामीण कथेत निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद तेवढे बोलीत, अशी विभागणी सर्रास होती. सरासरीचे प्रारूप आपल्याला त्या विभागणीच्याही मागे नेईल, कारण तिथे संवादही प्रमाण भाषेत व्हायला लागतील.

या जिल्ह्याला मोजणीबाहेर राहण्याचा अनुभव नवा नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. ते सर्वेक्षणही वितरित कामच होते : जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे उधळ्या पुत्राची गोष्ट आणि शब्दांची व वाक्यांची ठरावीक यादी पाठवायची, त्यांनी ती स्थानिक बोलीत उतरवून घ्यायची, आणि कागद ग्रिअर्सनकडे जमा करायचे. पण मद्रास व ब्रह्मदेश हे प्रांत आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने सर्वेक्षणातून वगळली होती. धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे मराठीच्या बोलींची पहिली मोठी मांडणी झाली ती मराठवाड्यात कागद न पाठवताच. नंतरच्या काळात ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले : गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादिलेला महाराष्ट्राचा खंड आला, डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसाठी बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केले, आणि २०२२ पासून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प देशभरातले बोलणे जिल्हावार गोळा करत आहे. म्हणजे विदेच्या पातळीवर जिल्हा हे एकक मान्य झाले. प्रश्न उरतो तो विदेनंतरच्या पायरीचा, जिथे जिल्हे एकत्र होतात.

फोनवरच्या पद्धतीत तर वगळणूक आणखी आधीच होते, आणि ती कोणाच्या आदेशाने होत नाही. गूगलने २०१७ मध्ये सांगितलेली अट अशी की फोन वापरात नसताना, चार्जिंगला लावलेला असताना आणि मोफत वायफायवर असतानाच त्याच्यावर शिकवण्याचे काम चालेल. वापरणाऱ्याला त्रास होऊ नये हा हेतू रास्तच. पण रात्रभर वायफायवर आणि चार्जरवर असणारा फोन लोहारा तालुक्यात किती घरांत असेल, आणि पुण्याच्या कोथरुडात किती? ग्रिअर्सनने निदान ‘वगळले’ असे लिहून ठेवले होते.

सरासरीखेरीज एकत्रीकरणाच्या दुसऱ्या रीती आहेत. एक तर मला फारच बोलकी वाटली. २०२३ मध्ये मांडलेल्या ‘टाइज’ नावाच्या पद्धतीत एकाच मूळ प्रतीपासून निरनिराळ्या कामांसाठी शिकवलेली प्रारूपे अशी सांधतात : आधी प्रत्येकात झालेले लहानसहान बदल सोडून द्यायचे; मग एकेका भाराबाबत कोण कोणत्या दिशेला सरकले ते पाहायचे; ज्या दिशेची बेरीज भारी ती दिशा ‘निवडून’ आणायची; आणि उलट दिशेला सरकलेल्यांना वगळून उरलेल्यांची सरासरी काढायची. चाचण्यांत ही रीत साध्या सरासरीपेक्षा सरस ठरली, कारण परस्परविरोधी बदल एकमेकांना खाऊन टाकतात ते थांबते. कामांच्या बाबतीत हे योग्यच असेल. बोलींच्या बाबतीत ही रीत जशीच्या तशी उचलली, तर थोडे बोलणाराला पहिल्या चाळणीत आणि उलटे बोलणाराला दुसऱ्या चाळणीत बाहेर काढण्याची सोय होईल.

प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र प्रारूप करा आणि एकत्रीकरण सोडून द्या, असा सल्ला मी देणार नाही. चार तासांच्या ध्वनिमुद्रणावर एकटे उभे राहील असे प्रारूप होत नाही. उमरग्याच्या प्रारूपाला पुण्याच्या नव्वद तासांची गरज आहे. ‘पाऊस’ आणि ‘पेरणी’ हे शब्द दोघांचे सारखेच आहेत. मराठी म्हणून जे सामाईक आहे ते नाकारून बोलीचे भले होत नाही. सामाईकाचा पाया घ्यायचा आणि त्यावर स्वतःची खोली बांधायची, हा मार्ग तंत्रज्ञांनीच दाखवला आहे. २०१९ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत नेटवर्कचे खालचे थर सर्वांचे मिळून सरासरीने बनतात, पण वरचे थर ज्याचे त्याच्याकडेच राहतात, ते केंद्राकडे जातच नाहीत. त्याच वर्षी गूगलच्या मेहरयार मोहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी चुकीऐवजी ज्याची चूक सर्वांत जास्त त्याच्याकडे लक्ष ठेवून शिकवण्याची कल्पना मांडली. दोन्हींना किंमत आहे. पहिलीत देखभालीचा बोजा स्थानिक केंद्रावर येतो. दुसरीत पुण्याच्या वापरणाऱ्याला कदाचित थोडे कमी अचूक प्रारूप मिळेल. ही किंमत द्यावी की न द्यावी हा गणिताचा प्रश्न नाही, आणि म्हणूनच तो अभियंत्यांवर सोडून चालणार नाही.

महाभारताच्या उपमेची मर्यादाही इथेच नोंदवतो. सुकथनकर उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितक्या जुन्या पाठापर्यंत जाता येईल तितके जात होते. पोथ्यांतले बरेच भेद त्यांच्या दृष्टीने नंतरची भर होते. बोली ही कुठल्या मूळ मराठीची बिघडलेली प्रत नाही. ‘जायलंय’ हा ‘जात आहे’चा अपपाठ नव्हे. तेव्हा एकत्रीकरणातून जे प्रारूप निघते त्याला ‘सिद्ध संहिते’चा अधिकार कधीच मिळू शकत नाही. प्रमाण मराठीची जागा इथे माथ्यावरच्या नीलकंठी ओळीची आहे : मेळ घालण्यासाठी सोयीची, निर्णयाशी संबंध नसलेली.

एकट्याने केलेल्या एकत्रीकरणाचा नमुना आपल्याच परंपरेत आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. तिचे उपकार केवढे ते सांगायला नको. पण त्यांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कुठला पाठ कशासाठी टाकला, याची नोंद आपल्याकडे नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हापासून ज्ञानेश्वरीच्या भाषेबद्दलचा वाद कसा या नोंदीच्या अभावाशी अडतो ते अभ्यासकांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकातल्या सत्पुरुषाकडून तळटीपांची अपेक्षा करणे अनैतिहासिक होईल. एकविसाव्या शतकातल्या संस्थांकडून ती न करणे मात्र आळसाचे होईल.

आता खरी अडचण. फेडरेटेड पद्धतीचा पुरस्कार खासगीपणासाठी होतो, आणि खासगीपणा पूर्ण राखायचा तर केंद्रालाही कोणी काय पाठवले ते कळता कामा नये. २०१९ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिले की शिकवताना पाठवल्या जाणाऱ्या बदलांवरून मूळ चित्रे आणि मजकूरही काही वेळा पुन्हा उभा करता येतो. ‘विदा जागची हलत नाही’ हे आश्वासन त्यामुळे तितकेसे भक्कम उरत नाही. यावर उपाय म्हणून २०१७ मध्येच अशी रचना सुचवली गेली होती की प्रत्येकाचे भार गुप्त आकडे मिसळून पाठवायचे, ते गुप्त आकडे बेरजेत परस्परांना छेदतात, आणि केंद्राला केवळ बेरीज दिसते. हुशार युक्ती आहे. पण पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहिले तर सिद्ध संहिता ठेवून सर्व पोथ्या जाळण्याची ही रीत आहे. उमरग्याच्या भारांनी कोणती दिशा धरली होती ते पुढे कोणालाच सांगता येणार नाही, उमरग्यालासुद्धा नाही.

खासगी निरोपांच्या बाबतीत हे गुप्तच राहिले पाहिजे. आपल्या आईला लिहिलेल्या वाक्याचा पाठभेद म्हणून कोणी अभ्यास करू नये. पण महाविद्यालयाने संमती घेऊन, बोलणाऱ्याच्या माहितीने केलेल्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट वेगळी आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या त्या गाणारणीच्या नावानिशी आणि गावानिशी. तिथे नाव हा मान आहे. ज्या बाईचे नाव तिच्या ओवीखाली छापले जाते, तिच्या बोलण्याने घडलेल्या भारांना मात्र निनावी का करावे? दोन्ही प्रकारच्या विदेला एकच नियम लावण्यात अभियंत्यांची सोय असेल, बोलणाऱ्यांची नाही.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते : कोणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात, कशावरून उतरवली. प्रारूपाला पुष्पिका नसते, किंवा असली तर जाहिरातीसारखी असते. तिचे महत्त्व या जिल्ह्याच्या नावावरूनच कळते. २०२० च्या जानेवारीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ‘उस्मानाबाद’ला भरले, २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव ‘धाराशिव’ झाले. एका केंद्राची विदा आधीची, दुसऱ्याची नंतरची असेल, तर दोन्ही सांधून निघालेले प्रारूप कोणत्या काळातून बोलते आहे, हे पुष्पिकेवाचून कळायचे कसे? (नावाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण दोन्ही नावांना भावनांचा भार आहे आणि त्यांची सरासरी म्हणून कुठलेही तिसरे नाव संभवत नाही, एवढे खरे.)

तेव्हा मागणी मर्यादित आणि करता येण्याजोगी आहे. मराठीसाठी असे सामुदायिक प्रारूप जे कोणी घडवतील, मग ती विद्यापीठे असोत की सरकार, त्यांनी आरंभीची मूळ प्रत जपावी. संमतीने आलेल्या प्रत्येक केंद्राची एकत्र होण्यापूर्वीची प्रत जपावी. आणि एकत्र करताना कोणाला किती वजन दिले व का, ते प्रस्तावनेत लिहावे. पूर्ण प्रारूपाऐवजी त्यावर चढवलेले छोटे स्थानिक भारसंच तेवढे ठेवले, तर ते पेनड्राइव्हवर मावतात. जागेची सबब इथे चालणार नाही. आणि प्रारूपाची कसोटीही सरासरीने घेऊ नये. ‘मराठीसाठी अमुक टक्के अचूक’ या वाक्यात धाराशिवचे शंभर टक्के अपयश सहज लपू शकते. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे : संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके वाजवून पाहिले. मेळ्याचा सरासरी कच्चेपणा त्यांनी काढला नव्हता. म्हणून तर त्या दिवशी नामदेव सापडले.

ही कसोटी तयार करण्याचे काम मात्र तंत्रज्ञांचे नाही, आपले आहे. धाराशिवमध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे, आणि तालुक्यातालुक्यांत पदवी महाविद्यालयांचे मराठी विभाग आहेत. बोलीवरचे प्रकल्प तिथे विद्यार्थी दरवर्षी करतात, आणि ते बांधून कपाटात जातात. त्याऐवजी प्रत्येक विभागाने पन्नास वाक्ये निवडावीत, अशी की जी प्रमाण मराठीकडे ओढली असता अर्थ बदलतो. ‘जायलंय’ हे त्यांतले पहिले घ्यायला हरकत नाही. ती वेगवेगळ्या वयाच्या, जातींच्या आणि कामधंद्यांच्या माणसांकडून म्हणून घ्यावीत, त्यांच्या संमतीने जपावीत, आणि मराठीचे म्हणून जे प्रारूप येईल त्याच्यापुढे ठेवून निकाल छापावा. अशी पन्नास वाक्ये उमरग्यात, कानडीच्या शेजारी, दोन दुपारींत जमतील. परंड्यात जमतील ती निराळी असतील, आणि ती उमरग्याच्या यादीत मिसळू नयेत.